उपाशीपोटी धावणाऱ्या लेकरांनो, आधी भाकरी खा



पहाटे साडेचारला बीडच्या बायपासला जाऊन उभे राहा. अंधारात माणसे दिसण्याआधी पावलांचा आवाज येतो. दहा-दहा, वीस-वीस पोरे धावत असतात. अलीकडे पोरीही असतात. कुणी पोलीस भरतीच्या तयारीत, कुणी अग्निवीरच्या, कुणी एसआरपीच्या, तर कुणी वनरक्षकाच्या. आष्टी, पाटोदा, केज, माजलगाव, गेवराई, कुठेही जा, हेच चित्र दिसेल. यातली बरीच लेकरे आपल्या वस्तीतली आहेत. आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर, आजी घरी आणि पोरगा भरतीच्या नादाला, अशी कितीतरी घरे आपण ओळखतो. त्या घराची सगळी आशा 1600 मीटरच्या धावेवर टांगलेली असते.

माझा भाचा यातलाच एक. मागच्या उन्हाळ्यात तो आमच्याकडे राहून तयारी करत होता. एका रात्री मामीने ताटात भाकरी वाढली, ती त्याने उचलून परत टोपल्यात ठेवली. म्हणाला, "मामी, मी कार्ब बंद केलेत. भात नको, भाकरी नको, गूळ नको." सकाळी काळी कॉफी पिऊन उपाशीपोटी पळायला जायचे आणि अकरा वाजेपर्यंत काही खायचे नाही, असा त्याचा नेम सुरू झाला. मोबाइलवरच्या कुणा पिळदार शरीराच्या माणसाने सांगितले होते की असे केले की शरीर चरबी जाळायला शिकते आणि माणूस घोड्यासारखा पळतो. तिसऱ्या आठवड्यात पोरगा मैदानावर चक्कर येऊन खाली बसला. घाम थंडगार, हात थरथरत होते. सोबतच्या पोरांनी सावलीत नेऊन गूळ-पाणी पाजले, तेव्हा कुठे तरतरी आली. त्या तीन आठवड्यांत त्याची 1600 मीटरची वेळ कमी व्हायच्या ऐवजी अकरा सेकंदांनी वाढली होती.

मी त्याला रागावलो नाही. कुणाकडून तरी ऐकले, खरे वाटले म्हणून केले. पण तेव्हापासून ज्या मैदानावर जातो तिथे हेच ऐकू येते. म्हणून या पानावर स्पष्ट लिहायचे ठरवले. माझे मत एका ओळीत सांगतो. उपाशीपोटी जोराचा सराव आणि भाकरी-भात बंद करण्याचा आहार आपल्या धावणाऱ्या लेकरांच्या कामाचा नाही, आणि आपल्या घरांना तो परवडणाराही नाही. आता कारणे बघू.

शरीराच्या दोन कोठ्या

आपल्या शरीरात इंधनाच्या दोन कोठ्या असतात. एक चरबीची. ती मोठी असते. सडपातळ माणसाच्या अंगावरही कित्येक दिवस पुरेल एवढी चरबी असते. दुसरी कोठी साखरेची. भाकरी, पोळी, भात, गूळ, केळी जे काही आपण खातो त्याची शेवटी साखर होते आणि ती स्नायूंत आणि यकृतात साठवली जाते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. स्नायूंत साधारण 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम, एवढाच हा साठा.

मोबाइलवरच्या माणसाचे म्हणणे इथून सुरू होते. साखरेची कोठी लहान, चरबीची मोठी. मग लहान कोठी रिकामी ठेवली तर शरीर मोठी कोठी वापरायला शिकेल. यात तथ्य आहे. शरीर खरेच शिकते. भाकरी-भात बंद केला की काही दिवसांत चरबी जाळण्याचे प्रमाण खूप वाढते. अडचण पुढे आहे.

चरबी हे ओल्या लाकडासारखे इंधन आहे. जळते, पण सावकाश जळते, आणि तिला प्राणवायू जास्त लागतो. एक लिटर प्राणवायू वापरून साखरेतून साधारण 5 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, चरबीतून साधारण 4.7. फरक लहान दिसतो. पण जोरात पळताना छातीचा भाता आधीच शेवटच्या टोकाला गेलेला असतो, जास्तीचा प्राणवायू आणायचा कुठून? सावकाश चालायला, रमतगमत पळायला चरबी पुरते. दम लागेपर्यंत पळायचे असेल तर स्नायूंना साखरच लागते.

1600 मीटर ही पाच-सहा मिनिटांची, दम काढणारी धाव आहे. एका धावेत साखरेची कोठी रिकामी होत नाही, हे खरे. पण भरतीची तयारी एका धावेची नसते. रोज पहाटे पळायचे, आठवड्यातून दोन-तीनदा तुकड्या-तुकड्यांनी जोरात पळायचे, संध्याकाळी गोळाफेक आणि दंड-बैठका. कोठी रोज उपसली जाते. ती रोज भरली नाही तर चौथ्या-पाचव्या दिवशी पाय शिशाचे होतात. पोराला वाटते आपण कमी पडतो. मग तो आणखी जोर लावतो आणि आणखी कमी खातो.

यकृतातल्या साठ्याचे काम वेगळे आहे. रात्रभर आपण झोपलेले असतो तेव्हा रक्तातली साखर यकृत सांभाळते, कारण मेंदूला ती सतत लागते. त्यामुळे पहाटेपर्यंत यकृताचा साठा बराच कमी झालेला असतो. रात्री आठला जेवलेला पोरगा सकाळी अकराला खाणार असेल तर मधे पंधरा तास जातात. त्यात दोन तास पळणे. आणि रात्रीच्या जेवणातूनही भाकरी काढून टाकली असेल तर चक्कर येणे, घाम थंड पडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यात नवल काही नाही.

मोठ्या खेळाडूंवर तपासलेली गोष्ट

हे केवळ माझे मत नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक लुईस बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या स्पर्धकांवर याचा प्रयोग केला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन आठवडे सगळ्यांचा सराव सारखाच कडक होता, खाणे मात्र वेगवेगळे. एका गटाला भरपूर पिष्टमय अन्न, दुसऱ्याला तेच पण सरावानुसार कमी-जास्त, आणि तिसऱ्याला पिष्ट जवळजवळ बंद करून भरपूर चरबी. तिसऱ्या गटातले खेळाडू चरबी जाळण्यात तरबेज झाले. पण त्याच वेगाने चालायला त्यांना आधीपेक्षा जास्त प्राणवायू लागू लागला. 10 किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्या दोन गटांची वेळ सुधारली, तिसऱ्याची सुधारली नाही. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली. पुढे याच गटाने तो प्रयोग पुन्हा केला, निष्कर्ष तोच निघाला.

मग उपाशीपोटी व्यायाम केल्याने वजन तरी जास्त उतरते का? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20 तरुणींचे दोन गट केले. दोघींचा आहार मोजून सारखाच कमी केला. एका गटाने उपाशीपोटी व्यायाम केला, दुसऱ्याने खाऊन. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचे वजन उतरले, आणि दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. अभ्यास लहान आहे, पण सांगतो तो धडा साधा आहे. दिवसभरात एकूण किती खाल्ले यावर वजन ठरते. सकाळी पोट रिकामे ठेवण्यात जादू नाही.

आता कुणी म्हणेल, केनियाचे धावपटू तर पहाटे चहा-नाश्त्याआधीच पळतात. बरोबर आहे, पळतात. पण त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की त्यांच्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांश भाग पिष्टमय अन्नातून येतो. त्यांचे मुख्य अन्न उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. आपल्याकडच्या ज्वारीच्या घाट्याचा मोठा भाऊच म्हणा. पहाटे त्यांचे पोट रिकामे असले तरी स्नायू आदल्या रात्रीच्या उगालीने भरलेले असतात. त्यांची पहाटेची धाव आपली पोरे पाहतात, रात्रीचे ताट पाहत नाहीत.

मांडव्याचा अविनाश

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा मुलगा, आई-वडिलांनी वीटभट्टीवरही काम केलेले. शाळा गावापासून सहा किलोमीटरवर, ती पायी नाहीतर पळत गाठायची. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने 1941 मध्ये बेळगावला जी रेजिमेंट उभी राहिली, तीच ही. सियाचीनच्या बर्फात नोकरी करून मग तो धावपटू झाला.

2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या शंभराव्या पाच भागांनी. पहिला आला तो केनियाचा अब्राहम किबिवोट. 1994 नंतर या शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळवणारा केनियाबाहेरचा पहिला माणूस आपल्या बीड जिल्ह्याचा. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. 2024 च्या जुलैत पॅरिसला त्याने 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि पुढच्याच महिन्यात त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी धावला.

या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्यावरच्या उड्या असतात. आठ मिनिटे दहा सेकंद म्हणजे ताशी 22 किलोमीटरचा वेग, तोही अडथळे ओलांडत. हे काम चरबीच्या ओल्या लाकडावर होत नाही. आपल्या पोराची 1600 मीटरची धाव याच जातीची आहे, फक्त लहान. ज्यांना अविनाशसारखे व्हायचे आहे त्यांनी पहाटेच्या अंधाराबरोबर रात्रीचे भरलेले ताटही लक्षात ठेवावे.

भूक आपल्याला नवीन नाही

मला या फॅशनचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. उपाशीपोटी कष्ट करणे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. 1972 च्या दुष्काळात आपल्या आजा-आजींनी खडी फोडली ती मिलोच्या लाल भाकरीवर आणि सुकडीवर. आजही ऊसतोडीची कोयता पहाटे तीन-चारला फडात उतरते, पोटात असला तर चहा. बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, तेव्हा तिला कुणी उपाशीपोटी व्यायाम करणारी खेळाडू म्हणत नाही. तिच्या हाडांना, तिच्या कमरेला काय झाले ते आपण घरोघर पाहतो. उपासमारीने शरीर काटक होत असते तर आपली माणसे पन्नाशीत म्हातारी झाली नसती.

पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारच्या शिळ्या तुकड्यावर जगलेला समाज बाबासाहेबांच्या मागे उभा राहिला आणि त्याने तुकडा नाकारला. स्वतःच्या कष्टाची भाकरी मिळवली. ती ताटात आल्यावर आपल्याच लेकराने 'कार्ब नको' म्हणून ती परत टोपल्यात टाकावी, हे मला पाहवत नाही.

हिशेबही करून बघा. ज्यांना कीटो म्हणतात त्या आहारात दिवसाला 50 ग्रॅमपेक्षा कमी पिष्ट चालते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्ट असते सुमारे 65 ग्रॅम. म्हणजे मराठवाड्याच्या मापाची एक मोठी भाकरी खाल्ली की दिवसाचा कोटा ओलांडला. मग पोट भरायचे कशाने? बदाम, चीज, पनीर, लोण्याने? अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, 2023 पासून ते मोफत आहे. दिवसाला साधारण 165 ग्रॅम. रेशनवर बदाम मिळत नाहीत. ज्या घराचा अर्धा आधार धान्यावर आहे, त्या घरातल्या पोराला धान्य सोडायला सांगणे म्हणजे त्याला उपाशी राहायला सांगणे. मोबाइलवरचा माणूस भाकरी सोडून शेवटी विकतो काय, तेही पाहा. पावडरचा डबा.

तथागतांनी सोडलेला मार्ग

आपण बौद्ध आहोत. या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे कठोर तप केले. खाणे इतके कमी केले की शरीराचा सापळा उरला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात बाबासाहेबांनी हा सगळा भाग मांडला आहे. शेवटी त्यांना कळले की देह झिजवून बुद्धी तल्लख होत नाही. त्यांनी सुजाताने दिलेले अन्न घेतले. सोबतचे पाच परिव्राजक त्यांना सोडून गेले. त्यांना वाटले गौतम बिघडला. पुढे सारनाथला त्याच पाच जणांना तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला. एका टोकाला चैन, दुसऱ्या टोकाला देहदंड, दोन्ही नकोत.

पावडर आणि उपाशीपोटीचे वेड हा आजचा देहदंडच आहे. आणि कालाम लोकांना तथागतांनी सांगितले होते की ऐकीव आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. तपासून पाहा, हिताची असेल तर घ्या. मोबाइलवर पिळदार दंड दाखवून कुणी काही सांगितले तर हाच निकष लावायचा. घड्याळ हातात घ्या. तीन आठवडे नीट जेवून पळा, वेळ लिहून ठेवा. आकडा खोटे बोलत नाही.

वर्षावासात आणि पौर्णिमेला आपल्यातले अनेक उपासक-उपासिका उपोसथ पाळतात, अष्टशील घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. तो शीलाचा भाग आहे, त्यावर माझी काही तक्रार नाही. भरतीच्या तयारीतल्या पोराने त्या दिवशी पहाटे हलके पळावे, दुपारच्या आत दोनदा पोटभर जेवावे, आणि जोराचा सराव त्या संध्याकाळी व दुसऱ्या पहाटे ठेवू नये. शीलही राहील, शरीरही राहील.

कुणासाठी ठीक, कुणासाठी नाही

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रात्री पोटभर जेवलेला निरोगी तरुण सकाळी अर्धा-पाऊण तास गप्पा मारता येतील इतक्या सावकाश रिकाम्या पोटी पळाला, तर त्याला धोका नाही. पुष्कळांना खाऊन पळाले की पोटात कळ येते, त्यांना हेच सोसते. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खावे म्हणजे झाले. जोराच्या सरावाच्या दिवशी मात्र रिकामे पोट नको.

चाळिशी-पन्नाशीतली, वजन वाढलेली, साखरेचा आजार असलेली आपली माणसे ही वेगळी गोष्ट आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण्याची आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची पद्धत घराघरांत पोहोचली आहे. ती वजन आणि मधुमेह यांच्यासाठी सांगितलेली आहे. बापाला साखर आहे म्हणून त्याने भात कमी केला, गोड चहा सोडला, तर ते योग्यच. पण बापाचा आहार पोराला लावू नका. आणि ज्यांना इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी लांब चालू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस पडू शकतो.

लेकींसाठी दोन शब्द

मुलींना हे आणखी महाग पडते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. आपल्या घरात मुलगी शेवटी जेवते, उरले ते खाते. ती 800 मीटरची तयारी करते, वर कार्बही बंद करते. अशा मुलीची पाळी अनियमित होते, कधी बंदच पडते. काही प्रशिक्षक म्हणतात, सराव चांगला चालला आहे त्याचीच ही खूण. हे साफ चूक आहे. पाळी थांबणे म्हणजे शरीर सांगते आहे की खर्च जास्त आणि जमा कमी. ऑलिंपिक समितीनेही 2014 पासून या स्थितीला आरोग्याचा धोका मानले आहे. यात हाडे ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला चीर पडते आणि वर्ष वाया जाते.

आयांनो, मुलगी भरतीची तयारी करत असेल तर तिचे ताट आधी वाढा. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरला दाखवा. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या, लोहाच्या गोळ्या तिथे मिळतात. विदर्भात नातेसंबंध असलेल्या घरांनी सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी, मुलगा असो की मुलगी. सिकलसेलचा वाहक असलेल्याने उन्हात, पाणी न पिता जोराचा सराव करणे धोक्याचे असते.

मग खायचे काय?

60 किलो वजनाचा, रोज तास-दीड तास घाम गाळणारा पोरगा धरू. त्याला दिवसाला साधारण 300 ते 420 ग्रॅम पिष्ट आणि 72 ते 96 ग्रॅम प्रथिने लागतात. आकडे मोठे वाटतात, पण घरातल्या घरात बसतात. दिवसाच्या चार मोठ्या भाकरी, ज्वारीच्या किंवा बाजरीच्या, म्हणजे 260 ग्रॅम पिष्ट आणि वर 40 ग्रॅम प्रथिने. दोन केळी 50 ग्रॅम, गुळाचा एक मोठा खडा 20 ग्रॅम, वाटीभर वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ वीस-पंचवीस ग्रॅम. पिष्ट झाले. प्रथिनांसाठी त्याच वरण-उसळीतून दहा-अकरा ग्रॅम, दोन अंड्यांतून 12, मूठभर म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाण्यांतून 12. बेरीज पंच्याहत्तरच्या आसपास जाते. आठवड्यातून दोनदा सुकट, बोंबील, मटण किंवा कोंबडी झाली तर उत्तमच. चार अंड्यांत जेवढी प्रथिने आहेत साधारण तेवढीच पावडरच्या एका चमच्यात असतात. त्या डब्यासाठी व्याजाने पैसे काढू नका.

जोराच्या सरावाच्या दिवशी पळण्याआधी अर्धा-पाऊण तास एक-दोन केळी, किंवा गुळाचा खडा आणि चार खजूर, किंवा साखर घातलेला चहा आणि दोन टोस्ट. भाकरी तेव्हा नको, ती पोटात जड होते. पळून आल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ, किंवा शिळी भाकरी कुस्करून दूध-गुळात, किंवा दोन अंडी आणि भाकरी. रात्रीचे जेवण कधीही चुकवू नका, पहाटेची धाव रात्रीच्या ताटात शिजते. उन्हाळ्यात एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून सोबत ठेवा. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना काही तरुण उन्हाने दगावले, ते विसरू नका. चक्कर, थंड घाम, छातीत कळ, लघवी गडद तपकिरी, यातले काहीही झाले की थांबा. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा होते.

वस्तीने काय करायचे

पोराने खायचे ठरवले तरी घरात असले पाहिजे. आपल्या स्वयंपाकाची ताकद काय होती, ते शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या घरांबद्दल लिहून ठेवले आहे. 2015 च्या कायद्याने बैलाच्या मांसावर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले सर्वांत स्वस्त प्रथिन गेले. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, त्याचा सरकारी निधी 2025 मध्ये थांबवला गेला. ज्या राज्याला सैन्यात, पोलिसांत धडधाकट पोरे हवी आहेत त्याने लेकरांच्या ताटातले अंडे काढू नये. ही मागणी आपण ग्रामसभेत, मोर्चात, निवडणुकीत लावून धरली पाहिजे.

पण तोवर थांबायचे नाही. दर वर्षी 14 एप्रिलला आपण वर्गणी काढतो, डीजेवर हजारो रुपये घालवतो. त्यातला एक वाटा बाजूला काढा. विहाराच्या ओट्यावर पहाटे एक टोपलीभर केळी, पातेलेभर भिजवलेले हरभरे, गूळ आणि उकडलेली अंडी ठेवा. धावून येणाऱ्या प्रत्येक पोरा-पोरीला खायला द्या, जात न विचारता. महिला मंडळाने आठवड्याला पाळी वाटून घेतली तर कुणावरही भार पडत नाही. मिरवणुकीत एका रात्री नाचण्यापेक्षा आपल्या वस्तीतून दोन पोरी पोलिसांत गेल्या तर जयंती जास्त चांगली साजरी झाली असे मी समजेन.

माझा भाचा आता रात्री चार भाकरी खातो. मामीला सांगतो, "अजून एक वाढ." भरती झाली नाही अजून, पण 1600 मीटरची वेळ उतरली आहे, आणि वहीत तो रोज दोन गोष्टी लिहितो. किती वेळात पळालो आणि काय खाल्ले. तुमच्या घरात कुणी पळत असेल तर त्याला अशी एक वही घेऊन द्या.

जय भीम, नमो बुद्धाय.